वेळेची राखण : एअरपोर्ट कोऑर्डिनेशन लिमिटेडची वाटचाल

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर वर्षभरात 4,80,000 पेक्षा जास्त विमानं चढू-उतरू शकत नाहीत. ही मर्यादा धावपट्टीच्या ताकदीवरून ठरलेली नाही. 20 नोव्हेंबर 2001 रोजी पाचव्या टर्मिनलला मंजुरी देताना ब्रिटिश सरकारने ती अट घातली, कारण धावपट्ट्यांच्या दोन्ही टोकांना हजारो घरं आहेत आणि त्या घरांतल्या माणसांच्या कानांचा विचार कुणीतरी करायला हवा होता. दिवसाच्या हिशेबात ही संख्या साधारण 1,300 होते. एवढ्याच वेळा, आणि मागणारे जगभरातले. ज्या कंपनीला हीथ्रोवर सकाळची वेळ मिळाली तिला व्यापारी प्रवासी मिळाले, जोडउड्डाणं मिळाली, वर्षानुवर्षांची मिळकत मिळाली. या वेळांना विमानव्यवसायात स्लॉट म्हणतात, आणि ते वाटणारी व वाटल्यावर त्यांच्यावर डोळा ठेवणारी संस्था म्हणजे एअरपोर्ट कोऑर्डिनेशन लिमिटेड, सर्वांच्या तोंडी ‘एसीएल’.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या आपल्या गावांना अशा माणसाची ओळख आहे. पाणीपाळी कागदावर ठरते, पण रात्री कुणी बारं आपल्याकडे वळवलं, कुणी पाळी घेऊन पाणी वाया घालवलं, हे बघणारा पाटकरी नसेल तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. एसीएलचं काम त्या पाटकऱ्याचं. वाटपाच्या बातम्या होतात, कोट्यवधी डॉलरच्या सौद्यांच्या तर मोठ्या होतात. राखणीची बातमी होत नाही. माझ्या मते या संस्थेची खरी कमाई मात्र राखणीतच आहे, म्हणून या लेखात वाटपापेक्षा राखणीबद्दल जास्त.

स्लॉट वाटण्याची पद्धत सरकारांनी नव्हे तर विमान कंपन्यांनी आपापसात सुरू केली. 1945 मध्ये हवाना इथे स्थापन झालेल्या ‘आयाटा’ या कंपन्यांच्या संघटनेच्या छत्राखाली वेळापत्रकं जुळवण्याच्या बैठका होऊ लागल्या. वर्षातून दोनदा सगळ्या कंपन्यांचे वेळापत्रकवाले एका सभागृहात जमायचे आणि एकेका टेबलावर बसून वेळांची अदलाबदल करायचे. ही परिषद आजही भरते. प्रत्येक मोठ्या विमानतळावर एक समिती असे आणि तिचं दैनंदिन काम बहुधा त्या देशाची मुख्य विमान कंपनी बघे. हीथ्रोवर ते ब्रिटिश एअरवेजच्या माणसांकडे होतं. ही माणसं आपल्या कामात निष्णात होती, यात शंका नाही. पण जिचा स्वतःचा वाटा सर्वांत मोठा, तिच्याच कर्मचाऱ्यांनी इतरांचे वाटे ठरवायचे, ही रचना स्पर्धेच्या काळात टिकणारी नव्हती. 1980 च्या दशकात युरोपातलं आकाश खुलं होऊ लागलं, नव्या कंपन्या दार ठोठावू लागल्या आणि प्रश्न उघड विचारला जाऊ लागला : वाटणारा तटस्थ आहे का?

एसीएल हे त्या प्रश्नाचं ब्रिटनमधलं उत्तर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वेळापत्रकाचं हे काम ब्रिटिश एअरवेजपासून वेगळं काढून स्वतंत्र कंपनीकडे दिलं गेलं. मालकी ब्रिटिश विमान कंपन्यांची, पण निर्णयांत त्यांचा हात नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि सुरुवातीला अनेकांना ते पटलंही नव्हतं. संस्थेने विश्वास कमावला तो कागदपत्रं उघडी ठेवून. कुणाला कोणती वेळ दिली, कुणाची मागणी का नाकारली, हे सर्वांना बघता येऊ लागलं. अनेक वर्षं तिचं कार्यालय हीथ्रोच्या उत्तर हद्दीलगत जाणाऱ्या बाथ रोडवर होतं. पुढे गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, मँचेस्टर असे ब्रिटनचे गर्दीचे विमानतळ तिच्याकडे आले. डब्लिन आणि दुबईनेही आपलं काम याच संस्थेला दिलं.

18 जानेवारी 1993 रोजी युरोपीय समुदायाने स्लॉट वाटपाचा कायदा केला, क्रमांक 95/93. समन्वयक स्वतंत्र असला पाहिजे हे त्याने बंधनकारक केलं आणि आयाटाच्या रिवाजातला एक नियम कायद्यात आणला. एखाद्या कंपनीने दिलेल्या स्लॉटमालिकेपैकी निदान 80 टक्के वापरली, तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात ती मालिका तिचीच. त्याखाली घसरली तर स्लॉट सामाईक साठ्यात परत, आणि साठ्यातला अर्धा हिस्सा नव्या कंपन्यांसाठी राखीव. मालिका म्हणजे ठरावीक वारी, ठरावीक वेळी, हंगामभर. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंतचा उन्हाळी हंगाम 30 आठवड्यांचा धरला, तर दर सोमवारी सकाळी सातच्या स्लॉटवर किमान 24 वेळा विमान आलंच पाहिजे. सहा वेळा चुकलं तर चालतं. सातव्यांदा चुकलं की पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क गेला.

हा नियम लिहायला सोपा, राबवायला फार किचकट. स्लॉटची वेळ धावपट्टीला चाकं टेकण्याची नसते. विमान आपल्या जागी येऊन थांबण्याची किंवा तिथून निघण्याची ती वेळ असते. सातचं विमान सहा वाजून चाळीस मिनिटांनी टेकलं आणि जागा रिकामी नाही म्हणून थांबून राहिलं, तर त्याला काय म्हणायचं? शिवाय स्लॉट नावाची आणखी एक गोष्ट असते. उड्डाणाच्या दिवशी आकाशात गर्दी झाली की हवाई वाहतूक नियंत्रण प्रत्येक विमानाला उडण्याची एक नेमकी वेळ देतं. तिच्या आधी 5 आणि नंतर 10 मिनिटांची मुभा असते. वैमानिक प्रवाशांना ‘आपल्याला स्लॉट मिळालेला नाही’ असं सांगतो तेव्हा तो याबद्दल बोलत असतो. एसीएल वाटते तो स्लॉट महिनोन्‌महिने आधी ठरलेला असतो. नियंत्रकांनी रोखल्यामुळे झालेला उशीर कंपनीच्या माथी मारायचा नाही, आणि कंपनीने मुद्दाम केलेला उशीर नियंत्रकांच्या नावावर खपू द्यायचा नाही. राखणदाराचं सगळं कौशल्य या फरकात आहे.

हे काम दोन टप्प्यांत चालतं. पहिला टप्पा उड्डाणाच्या आधीचा. कंपनीने तिकीटविक्रीसाठी जाहीर केलेली वेळ आणि तिला दिलेला स्लॉट ताडून बघतात. स्लॉट नऊचा आणि तिकिटावर साडेआठ, असं दिसलं की हंगाम सुरू होण्याआधीच विचारणा होते, कारण साडेआठला त्या टर्मिनलमध्ये दुसऱ्या कुणाचे प्रवासी असणार आहेत. दुसरा टप्पा उड्डाणानंतरचा. विमानतळाच्या नोंदींतून प्रत्येक विमानाची प्रत्यक्ष वेळ येते आणि ती वाटपाशी जुळवली जाते. एका दिवशी तासभर उशीर झाला, तर त्यात विशेष काही नाही. धुकं, बिघाड, आजारी प्रवासी, दुसऱ्या टोकाचा संप, कारणं शंभर असतात. पण एखादी रात्रीची फेरी महिनाभर रोज चाळीस मिनिटं उशिरा येत असेल, तर तो अपघात नव्हे. कंपनीने प्रवासाला लागणारा वेळ कागदावर मुद्दाम कमी धरलेला असतो, कारण खऱ्या वेळेचा स्लॉट तिला मिळाला नसता. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते पहाटे सहा या काळात वर्षभरात फक्त 5,800 विमानांना मुभा आहे. उन्हाळ्यात 3,250, हिवाळ्यात 2,550. साडेदहाचा स्लॉट घेऊन रोज पावणेबाराला उतरणारं विमान त्या मोजक्या संख्येतला घास घेतं, आणि तोही विमानतळाशेजारी राहणाऱ्यांच्या झोपेतून.

सुरुवातीच्या दशकात राखणदाराकडे डोळे होते, हातात काठी नव्हती. कंपनीला पत्र लिहायचं, समितीसमोर बोलवायचं, समजावायचं. बहुतेक वेळा ते पुरेसं होई, कारण सगळ्या कंपन्या एकाच बैठकीत समोरासमोर बसत आणि इतरांच्या नजरेचा धाक असे. ज्यांना धाक वाटत नसे त्यांच्यासाठी 2004 मध्ये युरोपीय कायद्यात दुरुस्ती झाली. वारंवार आणि जाणूनबुजून वेगळ्या वेळी विमान चालवणाऱ्या कंपनीचा पुढच्या वर्षीचा हक्क जाईल, स्लॉट नसलेल्या विमानाचा उड्डाण-आराखडा नाकारता येईल, आणि प्रत्येक देशाने परिणामकारक शिक्षा ठरवाव्यात. ब्रिटनने 2006 मध्ये आपले नियम केले आणि दंड करण्याचा अधिकार थेट समन्वयकाला दिला, एका गैरवापराला कमाल 20,000 पौंडांपर्यंत. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ आहे. परिणाम झाला तो दंड झालेल्या कंपनीचं नाव प्रसिद्ध होण्याचा. अंमलबजावणीची संहिता आधी जाहीर, मग खुलासा मागायचा, मग ताकीद, मग दंड, आणि शेवटी अहवालात नाव. कायद्याच्या मसुद्यातले ‘वारंवार’ आणि ‘जाणूनबुजून’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. नशिबाने चुकलेल्याला आणि हिशेबाने चुकणाऱ्याला एकाच मापाने न मोजण्याची जबाबदारी त्यांनी संस्थेवर टाकली.

काठी आली त्याच हिवाळ्यात त्या कायद्यातलं भगदाडही उघडं पडलं. ब्रिटिश मेडिटेरेनियन एअरवेज ही कंपनी हीथ्रोहून ताश्कंदला जात असे. तो मार्ग तिने बंद केला. स्लॉट सोडला तर परत मिळण्याची आशा नाही आणि नवा मार्ग अजून ठरलेला नाही. म्हणून 2006-07 च्या हिवाळ्यात तिचं एअरबस विमान हीथ्रोहून वेल्समधल्या कार्डिफला जाऊ लागलं, एकही प्रवासी न घेता, आणि तसंच परत येऊ लागलं. मार्च 2007 मध्ये वृत्तपत्रांनी ही गोष्ट छापली आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला. एसीएलच्या नोंदींत मात्र सगळं चोख होतं. वेळ ठरल्याप्रमाणे, विमान ठरल्याप्रमाणे, 80 टक्क्यांची अट पूर्ण. विमानात माणसं असली पाहिजेत असं कायदा कुठेच म्हणत नव्हता. राखणदाराने आपलं काम निष्ठेने केलं आणि तरीही इंधन जळत राहिलं. दोष मोजणाऱ्याचा नव्हता, मोजायला दिलेल्या मापाचा होता. त्या मापावर मूलभूत विचार व्हायला हवा होता. तो झाला नाही.

याचं एक कारण पैसा. हीथ्रोचे स्लॉट कायद्याने कुणाच्या मालकीचे नाहीत, पण अदलाबदल करता येतात. 1999 मध्ये गर्न्सी बेटाच्या परिवहन मंडळाने एसीएलला न्यायालयात खेचलं होतं. बेटाला हीथ्रोशी जोडणाऱ्या सेवेचे स्लॉट पैसे घेऊन कमी मोलाच्या वेळांशी बदलले गेले होते आणि बेटाची सेवा बंद पडली होती. अशी अदलाबदल एसीएलने मान्य करायला नको होती, असं मंडळाचं म्हणणं. उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. तिथून हीथ्रोवर उघड बाजार सुरू झाला. या बाजाराशी मुंबईचंही नातं आहे. मुंबईची जेट एअरवेज पैशांच्या अडचणीत असताना, फेब्रुवारी 2013 मध्ये, तिने हीथ्रोच्या तीन स्लॉटजोड्या अबू धाबीच्या एतिहादला 7 कोटी डॉलरला विकल्या आणि त्याच वेळा भाड्याने घेऊन उड्डाणं चालू ठेवली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनी बंद पडली. तोवर तिची लंडनमधली सर्वांत मौल्यवान ठेव तिच्या हातून केव्हाच गेलेली होती.

संस्थेच्या आयुष्यातला सर्वांत कठीण खटला 2017 चा. 2 ऑक्टोबरला मोनार्क एअरलाइन्स कोसळली. सुमारे 1,10,000 प्रवासी परदेशात अडकले आणि त्यांना आणण्यासाठी ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाला विमानं भाड्याने घ्यावी लागली. मोनार्ककडे गॅटविक आणि लूटनचे चांगले स्लॉट होते. पुढच्या उन्हाळ्याचा हक्क तिने उड्डाणं करून कमावलेला होता, पण आता ती उडणार नव्हती. कंपनी बुडाल्यावर नेमलेल्या व्यवस्थापकांना ते स्लॉट घेऊन विकायचे होते, म्हणजे देणेकऱ्यांना काही परत देता आलं असतं. एसीएलने वाटप रोखून धरलं. जी कंपनी उडणार नाही तिला उडण्याची वेळ कशी द्यायची? पहिल्या न्यायालयाने संस्थेची बाजू घेतली. 22 नोव्हेंबरला अपील न्यायालयाने निकाल उलटवला. मोनार्कचा परवाना औपचारिकरीत्या रद्द झालेला नव्हता, म्हणून स्लॉट देणं एसीएलला भाग होतं. ते दिले गेले आणि पुढे गॅटविकचे स्लॉट ब्रिटिश एअरवेजच्या मूळ समूहाकडे, लूटनचे विझ एअरकडे गेले. कायद्याच्या अक्षराला धरून निकाल बरोबर असेलही. पण साठ्यात जाऊन निम्मे नवख्यांना मिळण्याची शक्यता असलेल्या वेळा आधीच मोठ्या असलेल्या कंपन्यांकडे गेल्या. एसीएलने हरण्याची जोखीम पत्करून ती भूमिका घेतली, याबद्दल मला तिचा आदर वाटतो.

मग कोविड आला. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये प्रवासी आटले, तरी 80 टक्क्यांच्या धाकाने कंपन्या जवळजवळ रिकामी विमानं उडवत राहिल्या. 30 मार्चला युरोपने अट स्थगित केली. अशा सवलती पूर्वीही दिल्या गेल्या होत्या, 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर, 2003 च्या सार्स आणि इराक युद्धानंतर, 2009 च्या मंदीत. पण त्या एकेका हंगामापुरत्या होत्या. या वेळी सवलत हंगामामागून हंगाम चालू राहिली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलेला असल्याने 2021 मध्ये त्याने स्वतःचा कायदा करून वापराची टक्केवारी बदलण्याचे अधिकार मंत्र्यांना दिले. 2022 च्या उन्हाळ्यात अट 70 टक्क्यांवर आली. प्रवासी एकदम परतले, विमानतळांवर माणसं कमी पडली, रांगा इमारतींबाहेर गेल्या. जूनमध्ये सरकारने कंपन्यांना काही स्लॉट हक्क न गमावता परत करण्याची एकदाच मुभा दिली. आयत्या वेळी रद्द होणाऱ्या फेऱ्या त्यामुळे आधीच कळल्या. 2023 च्या उन्हाळ्यात 80 टक्के पुन्हा लागू झाले.

त्या काळातली एक माहिती मला विचारात पाडते. मार्च 2020 ते सप्टेंबर 2021 या दीड वर्षात ब्रिटनमधून दहा टक्क्यांहून कमी प्रवासी घेऊन जवळपास 15,000 उड्डाणं झाली, असं संसदेतल्या उत्तरातून पुढे आलं. लगेच सगळा दोष स्लॉटच्या नियमावर टाकला गेला. पण त्यातल्या बहुतेक काळात तो नियम लागूच नव्हता. मालवाहतूक होती, अडकलेल्यांना आणणं होतं, विमानं एका जागेहून दुसरीकडे नेणं होतं. रिकामं विमान दिसलं म्हणून हेतू कळत नाही. हेतू शोधायला नोंदी लागतात, खुलासे लागतात, आणि ते शांतपणे वाचणारी माणसं लागतात. एसीएलने तीन दशकं नेमकी ही सवय अंगी बाणवली आहे.

मुंबईकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. जून 2018 मध्ये एका दिवसात 1,003 विमानं हाताळण्याचा विक्रम इथे झाला, आणि तो करणाऱ्या नियंत्रकांचं कौशल्य जगाने मानलं. पण फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जाहीर करावं लागलं की मुंबईवर विमानं 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालतात. एका तासाच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटर इंधन जळतं. मंत्रालयाने दिलेली कारणं स्पष्ट होती : प्रमाणाबाहेर वाटलेले स्लॉट, कंपन्यांनी ते न पाळणं, आणि गर्दीच्या वेळी उडणारी खासगी विमानं. उपाय म्हणून गर्दीच्या तासांतली मर्यादा 46 वरून 44 आणि इतर वेळी 44 वरून 42 करण्यात आली.

मर्यादा कमी झाली हे योग्यच झालं. पण दुसरं कारण, ‘न पाळणं’, ते कुणी केलं, किती वेळा, कोणत्या खुलाशासह, हे त्या पत्रकात नव्हतं. आपल्याकडे खासगी चालकांच्या विमानतळांवर चालक स्वतः स्लॉट देतो, इतरत्र विमानतळ प्राधिकरण. दोघांचंही उत्पन्न विमानांच्या संख्येवर अवलंबून आहे, म्हणून दोघांनाही कडक राखणदार होणं अवघड जातं. हीथ्रोवर एकेकाळी ब्रिटिश एअरवेजचं जे झालं तेच इथे आहे, फक्त खुर्चीवरचा माणूस वेगळा. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईहून व्यावसायिक उड्डाणं सुरू झाली. एका महानगराचे दोन विमानतळ, एकच आकाश, आणि कंपन्या आपल्या वेळा एकीकडून दुसरीकडे नेणार. दोन्हीकडच्या वाटपाच्या आणि प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदी एकत्र ताडून, कंपनीच्या नावासह दर हंगामाला प्रसिद्ध करणारं स्वतंत्र कार्यालय उभारायला यापेक्षा चांगली वेळ नाही. त्याला धावपट्टी लागत नाही, टर्मिनल लागत नाही. लागतात वेळापत्रक जाणणारी थोडी माणसं, दोन्ही विमानतळांकडून रोज येणारी आकडेवारी, आणि दंड करण्याचा कायदेशीर अधिकार.